प्रभाव कोणी मोजायचा?

एखाद्या नियतकालिकाचा प्रभाव आकड्यात मोजता येतो, ही समजूत आज विद्यापीठांत इतकी रुळली आहे की, ही मोजणी मुळात कशासाठी निघाली याचा विसर पडला आहे. म्हणून तिचा इतिहास तपासणे अगत्याचे आहे.

1927 साली अमेरिकेतील पोमोना कॉलेजच्या ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांनी एक साधा प्रश्न घेतला. लहान कॉलेजच्या ग्रंथालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत? अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाच्या 1926 सालच्या अंकांत कोणत्या नियतकालिकांचे किती उल्लेख आले, ते त्यांनी मोजले. प्रयोजन एवढेच होते. पुढे 1955 साली यूजीन गारफिल्ड यांनी 'सायन्स'मध्ये, कोणत्या लेखाचा आधार नंतर कोणी घेतला हे दाखवणाऱ्या सूचीची कल्पना मांडली. सदोष संशोधनाचा डोळे झाकून आधार घेतला जाऊ नये, हा त्यांचा एक हेतू होता. 1964 पासून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' निघू लागला. त्यासाठी नियतकालिके निवडताना गारफिल्ड आणि अर्व्हिंग शेर यांनी इम्पॅक्ट फॅक्टर काढला. मागील दोन वर्षांच्या लेखांना चालू वर्षी मिळालेल्या उल्लेखांना त्या लेखांच्या संख्येने भागायचे, हे त्याचे गणित.

ग्रंथपालाचे हे साधन पुढे माणसे निवडणाऱ्यांच्या हाती गेले. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत शोधनिबंधाचे गुण नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरनुसार चढत गेले. म्हणजे निबंध काय म्हणतो यापेक्षा तो कोणाच्या घरी जन्मला, हे महत्त्वाचे ठरले. हा न्याय आपल्या परिचयाचा आहे. वर्णव्यवस्थाही व्यक्तीचा गुण पाहत नाही, घराणे पाहते. याच वापराविरुद्ध 2012 साली सॅन फ्रान्सिस्को येथे शास्त्रज्ञांनीच जाहीरनामा तयार केला.

1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषद रद्द केली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपले भाषण स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' कोणत्याही नियतकालिकात आले नव्हते. या गणितात त्याला जागाच नाही. शिवाय दोन वर्षांची ही खिडकी विज्ञानाच्या वेगाला सोयीची. पिढ्यान्‌पिढ्या माणसे घडवणारा विचार तिच्यात मावत नाही. इंग्रजीचे प्राबल्य असलेल्या या सूच्यांत मराठीत विचार मांडणारा अध्यापक तर दारातच उभा राहतो.

मोजणीला आपला विरोध नाही. राखीव जागांच्या अनुशेषाची मोजणी आपणच मागतो. कारण ती दडवलेले उघड करते. ही दुसरी मोजणी मात्र न वाचता निकाल देण्याची सोय करते. तेव्हा निवड समितीपुढे बसणाऱ्या आपल्या अध्यापकांनी एकच आग्रह धरावा: आमचा आकडा नंतर पाहा, आधी आमचा निबंध वाचा.