नामदेवांची पायरी

वाशीमहून हिंगोलीकडे जातांना कनेरगांव नाका लागतो. 1948 पूर्वीं या हद्दीपलीकडे निजामाचें राज्य सुरू होई. नाका म्हटला कीं गांठोडें सोडून दाखविणें आलें. मृत्यु हा असाच एक नाका होय. आणि आपलें गांठोडें आधींच सोडून ठेवणारा पुरुष याच मुलखांत होऊन गेला.

हिंगोलीजवळील नरसी हें संत नामदेवांचें जन्मस्थान मानितात. जन्म 1270 चा. औंढा नागनाथ येथें विसोबा खेचरांनीं त्यांस, देव एका मूर्तींत कोंडलेला नाहीं, असा बोध केला, अशी कथा आहे. 1296 सालीं त्या बोधाची कसोटी लागली. आळंदीस ज्ञानेश्वरांनीं समाधि घेतली, तेव्हां नामदेव 26 वर्षांचे होते. ज्ञानी म्हणवून त्यांनीं दुःख गिळलें नाहीं; समाधीच्या अभंगांत तें मोकळें केलें. दाबून ठेविलेला शोक मनास आंतून पोखरतो, हें ते जाणत असावेत.

पुढें ते कीर्तन करीत उत्तरेस गेले. पंजाबांत घुमान येथें त्यांचें स्थान आहे. गुरु ग्रंथसाहिबांत त्यांचीं 61 पदें आहेत. एवढी कीर्ति झाली, परंतु अखेरची इच्छा केवढी? विठ्ठलमंदिराच्या महाद्वारीं पायरी व्हावें, भक्तांची पायधूळ मस्तकीं लागावी. 1350 सालीं तेथेंच त्यांनीं देह ठेविला, असें वारकरी मानितात.

इच्छा समूळ मारणें संसारी माणसास साधत नाहीं. ती लहान करणें साधतें. ज्यास लपवावयाचें कांहीं उरलें नाहीं, त्यास नाक्याचें भय कसलें?