अंगणातली पदवी

मी मॅट्रिक झालेला मास्तर; पदवीचे मोल मला बाहेरूनच ठाऊक. ताराबाई मोडक १९१४ साली पदवीधर झाल्या, आणि ती विद्या त्यांनी चिमुकल्यांसाठी वेचली. १९२६ साली गिजुभाई बधेकांसह त्यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. १९४५ साली बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र. १९५७ साली त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली.

२०२० च्या शिक्षण धोरणाने बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकेस सहा महिन्यांचे प्रमाणपत्र आणि कमी शिकलेलीस वर्षाची पदविका सुचविली. पण तेथेच का थांबावे? शाळा जर मुलाच्या अंगणापर्यंत गेली, तर बालशिक्षणाच्या पदवीने आमच्या शिरड शहापूरच्या सेविकेसाठी निदान औंढ्यापर्यंत तरी का येऊ नये?