प्लगचा रंग, पेट्रोलचा वास

‘गाडी मिसिंग मारते,’ एवढं सांगितलं की महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजात फिटरला बाकीचं समजतं. चारपैकी एखाद्या सिलिंडरमध्ये जाळ धरत नाही, इंजिनाची लय मोडते, गाडी झटके खाते आणि चढावर पिकअप मरतो. सिलिंडर पेटायला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, दाब आणि पेट्रोल. ठिणगी आणि दाब फिटरला तपासता येतात. पेट्रोल मात्र त्याच्यापर्यंत पोहोचतं तेव्हा रिफायनरी, डेपो, टँकर आणि पंप अशा अनेक हातांतून गेलेलं असतं. त्यामुळे या निदानाच्या कसबाचा इतिहास लिहायचा, तर पेट्रोलमध्ये कधी काय मिसळलं गेलं याचाच इतिहास लिहावा लागतो.

पेट्रोलमधली पहिली मोठी मिसळ कंपन्यांनीच केली होती, आणि तीही उघडपणे. इंजिन ‘ठोकतं’ ते पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटतं म्हणून. १९२१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना त्यावर टेट्राएथिल लेड हा उपाय सापडला. शिशाने ठोकणं थांबलं, पण धुरातून ते शिसं रस्त्यावरच्या लेकरांच्या रक्तात गेलं. भारतात शिसंविरहित पेट्रोल १९९५ च्या एप्रिलपासून आधी चार महानगरांत मिळू लागलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर फक्त तेच राहिलं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसं एकत्र नांदत नाहीत, हे त्यामागचं तातडीचं कारण होतं.

गॅरेजवाल्यांना खरा त्रास दिला तो दुसऱ्या मिसळीने. ती होती रॉकेलची, मुंबई-कोकणात ज्याला घासलेट म्हणतात त्याची.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी हे त्या भेसळीच्या काळातलं मुंबईचं इंजिन. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि चार प्लग. इलेक्ट्रॉनिक्सचं नाव नाही. अशी गाडी मिसिंग मारत आली की फिटर इंजिन चालू ठेवायला सांगे आणि एकेका प्लगची वायर इन्सुलेटेड पकडीने उचलून बघे. वायर काढल्यावर इंजिन आणखी अडखळलं, तर तो सिलिंडर काम करतोय. काही फरकच पडला नाही, तर आजारी सिलिंडर तोच. मग पान्याने तो प्लग उघडायचा आणि उजेडात धरायचा. निरोगी प्लगची चिनी मातीची चोच बिस्किटाच्या रंगाची असते. मिश्रण पातळ असेल तर ती पांढुरकी दिसते, ऑइल वर येत असेल तर ओली आणि चकचकीत काळी. रॉकेल असेल तर बहुधा कोरडी, मखमलीसारखी काजळी, बोटाला लागणारी. त्याची कारणं सरळ आहेत. पेट्रोल साधारण पस्तीस अंशांपासून उकळायला लागतं आणि दोनशेच्या आसपास संपतं, तर रॉकेल दीडशेच्या पुढे कुठेतरी सुरुवात करतं. थंड इंजिनात त्याची नीट वाफ होत नाही. ते थेंबांच्या रूपातच आत जातं, अर्धवट जळतं आणि काजळी मागे ठेवतं. काजळीतून वीज वाहून जाते, मग ठिणगी पडायच्या जागी पडत नाही. यालाच गॅरेजात ‘प्लग शॉर्ट झाला’ म्हणतात.

प्लगवरून संशय आला तर अनुभवी मिस्त्री डिपस्टिक काढत असे. न जळलेलं रॉकेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळतं, तिथला ऑइलचा थर धुऊन नेतं आणि तळाच्या ऑइलमध्ये जाऊन मिसळतं. गाडीत ऑइल टाकलेलं नाही, तरी डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसते. दोन बोटांत ते ऑइल चोळलं की पाण्यासारखं पातळ लागतं आणि नाकाशी नेलं की स्टोव्हची आठवण होते. महागड्या प्रयोगशाळेत जे समजलं असतं ते इथे चिंधीला हात पुसता पुसता समजत होतं. या कसबाची नोंद कुठल्या पाठ्यपुस्तकात झाली नाही, ते उस्तादाकडून गॅरेजातल्या पोराकडे गेलं. म्हणूनच त्याबद्दल लिहून ठेवायला हवं असं वाटतं.

रॉकेलाने ठोकण्याचा रोगही परत आणला, कारण त्याचा ऑक्टेन, म्हणजे ठोकणं रोखण्याची ताकद, पेट्रोलच्या जवळपासही नसतो. कसाऱ्याचा घाट चढताना इंजिनातून खिळे हलवल्यासारखा आवाज आला, की टॅक्सीवाला पुढच्या वेळी गॅरेजात येऊन टायमिंग बघायला सांगे. फिटर डिस्ट्रिब्युटर सैल करी, केसभर फिरवी, कान लावी आणि पुन्हा आवळी. ठिणगी जरा उशिरा पडू लागली की आवाज कमी होत असे, सोबत ताकदही कमी होत असे आणि गाडी जास्त पीत असे. हा इलाज भेसळीशी केलेला समझोता होता. चांगल्या पेट्रोलसाठी बांधलेलं इंजिन हजारो गॅरेजांत मिळून वाईट पेट्रोलसाठी बेसूर करून ठेवलं गेलं.

मिसळ व्हायची त्याला पैशाचं साधं गणित होतं. गरिबाच्या चुलीसाठी आणि कंदिलासाठी रॉकेल रेशनवर सवलतीत मिळे. २०१० च्या अखेरीस रेशनचं रॉकेल बारा रुपयांच्या घरात होतं, तर पेट्रोल साठीच्या आसपास. टँकरमागे नफा किती, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही. नॅशनल कौन्सिल ऑफ अप्लाइड इकॉनॉमिक रिसर्चच्या २००५ मधल्या पाहणीनुसार रेशनच्या रॉकेलपैकी सुमारे ३८ टक्के भलतीकडे वळत होतं. ज्या घरात दिवा लागायचा ते अंधारात आणि ज्याच्या गाडीत ते जळायचं त्याचा प्लग काळा, असा हा दुहेरी दरोडा होता. सगळा दोष डेपो-पंपांवर ढकलणंही खरं नाही. टू-स्ट्रोक रिक्षांत ऑइलबरोबर चार पैसे वाचवायला चालक स्वतःच रॉकेल घालत, हेही त्या काळच्या रस्त्यांवरच्या निळ्या धुरात दिसत असे.

सरकारने रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला, तर भेसळखोर तो मातीतून गाळून काढू लागले. ऑक्टोबर २००६ पासून रॉकेलमध्ये रासायनिक खूण मिसळायला सुरुवात झाली. तिलाही चुकवण्याच्या वाटा निघाल्या आणि २००९ उजाडेपर्यंत ती योजना गुंडाळली गेली. रंगाचे सॉल्व्हंट आणि रिफायनरीतले हलके अंश गाड्यांत जाऊ नयेत म्हणून २००० साली वेगळा आदेश निघाला होता. त्याचं कारण असं. पंपावर घनता मोजली जाते. रॉकेल जड, त्यामुळे एकटं मिसळलं तर हायड्रोमीटर बोंब मारतो. पण रॉकेलसोबत हलका नाफ्था बेताने घातला, तर घनता बरोबर येते. भेसळ करणारेही रसायनशास्त्र शिकले होते. २००२ साली दिल्लीतल्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने इंधनाची तपासणी केली तेव्हा नेमका हाच मुद्दा पुढे आला: नेहमीच्या चाचण्यांतून चलाख भेसळ निसटते.

या धंद्याला माणसांच्या जिवाचं मोल नव्हतं. १९ नोव्हेंबर २००५ रोजी उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरीत इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी शण्मुगम मंजुनाथ यांना गोळ्या घालून मारण्यात आलं. भेसळीवरून त्यांनी पंपावर कारवाई केली होती. महाराष्ट्राची पाळी पाच वर्षांनी आली. मुंबईतल्या माहुलच्या रिफायनरीतून निघालेली पाइपलाइन मनमाडला पोहोचते. शेजारच्या पानेवाडीत तेल कंपन्यांचे डेपो आहेत आणि तिथून टँकर उत्तर महाराष्ट्रभर जातात. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या रस्त्याने जात होते. टँकरमधून चाललेली चोरी आणि भेसळ त्यांना दिसली आणि ते थांबले. भर दिवसा, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, त्यांना जिवंत जाळण्यात आलं. राज्यभर छापे पडले, सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं. गॅरेजातला फिटर काळा पडलेला प्लग नुसता पुसून परत बसवत होता. सोनवणे त्या काळेपणाच्या मुळाशी जाऊन उभे राहिले होते.

तोवर इंजिनं बदलली होती. २००० च्या सुमारास मारुती ८०० सुद्धा कार्बोरेटर सोडून एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेली, होऊ लागली. मुंबईच्या टॅक्सी आणि रिक्षा हायकोर्टाच्या आदेशानंतर हळूहळू सीएनजीकडे वळल्या. कार्बोरेटर मळला तर पेट्रोलने धुऊन, जेटमध्ये फुंकर मारून रस्त्याच्या कडेला साफ करता येतो. इंजेक्टरला फुंकर चालत नाही. तो म्हणजे विजेवर उघडझाप करणारी सुई. टोकाला सूक्ष्म छिद्रं, मागे सुमारे तीन बारचा दाब आणि प्रत्येक उघडीप काही हजारांश सेकंदांची. त्यातून पेट्रोल धुक्यासारखं उडायला हवं. तोंडाशी डिंकासारखा थर धरला, की धुक्याऐवजी एका बाजूला पिचकारी उडते. तो सिलिंडर उपाशी राहतो आणि गाडी पुन्हा मिसिंग मारते.

हा अनुभव अमेरिकेने आपल्या आधी घेतला. १९८० च्या दशकाच्या मध्यात तिथे इंजेक्शनच्या गाड्या झपाट्याने वाढल्या आणि अडखळणाऱ्या इंजिनांच्या तक्रारीही तितक्याच वाढल्या. शोध घेतल्यावर कळलं की गाडी बंद केल्यानंतरची काही मिनिटं सगळ्यात घातक असतात. इंजिन तापलेलं असतं, पेट्रोल वाहत नसतं आणि इंजेक्टरच्या टोकाला राहिलेला थेंब तिथेच भाजून निघतो. रोज थोडंथोडं अंतर चालवून बंद होणाऱ्या गाड्यांत थर लवकर साचतो. प्रवाह दहाएक टक्क्यांनी घटला तरी चालवणाऱ्याला ते जाणवतं. उपाय पेट्रोलमध्येच होता: थर धरू न देणारं डिटर्जंट. १ जानेवारी १९९५ पासून तिथे प्रत्येक पेट्रोलमध्ये ते घालणं कायद्याने बंधनकारक झालं.

भारतात २०१० पासून मोटारींत ऑन-बोर्ड डायग्नोस्टिक्स आलं आणि २०१३ पासून त्याची पुढची पायरी. आता गाडीच स्वतःचं दुखणं सांगू लागली. तिची रीत बघण्यासारखी आहे. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकशाफ्टला एक धक्का मिळतो. एखादा पेटला नाही की त्या क्षणी वेग किंचित पडतो. सेन्सर ते टिपतो, संगणक कोणत्या सिलिंडरची पाळी होती ते मोजतो आणि पी ०३०२ असा कोड नोंदवतो. म्हणजे दुसऱ्या नंबरचा सिलिंडर चुकतोय. पद्मिनीच्या बॉनेटवर वाकून वायरी उचलणारा कान हेच काम करत होता.

पण कोड सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. इथे आजही लोकांचे पैसे वाया जातात. पी ०३०२ दिसला की कॉइल बदलायची, मग प्लग, मग इंजेक्टर, मग पंप. बिल वाढत जातं आणि टाकीत तेच पेट्रोल राहतं. जाणता फिटर आधी कॉइलची अदलाबदल करून बघतो. चूक कॉइलबरोबर वेगळ्या सिलिंडरला गेली तर दोष कॉइलचा. नाही गेली तर तो इंजेक्टर काढून यंत्रावर लावतो, काचेच्या चार नळ्यांत चारही इंजेक्टर एकाच वेळी उडवतो आणि पातळ्या शेजारीशेजारी बघतो. एक नळी बोटभर मागे राहिली की वाद संपतो. आणि पी ०३०० दिसला, म्हणजे चूक कुठल्या एका सिलिंडरची नसून सगळीकडे फिरती असेल, तर त्याचा पहिला प्रश्न असतो: ‘शेवटचं पेट्रोल कुठे टाकलं आणि कधी?’

या प्रश्नाला गेल्या काही वर्षांत नवी धार आली आहे आणि त्यात मनमाड पुन्हा येतं. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले पथदर्शी प्रयोग २००१ मध्ये झाले, ते मिरज आणि मनमाडला, तिसरा उत्तर प्रदेशात. उसाच्या मळीतून निघणाऱ्या स्पिरिटला बाजार मिळाला. २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के, २०२२ मध्ये देशभर दहा टक्के आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांची सुरुवात झाली. इथेनॉल ही भेसळ नव्हे. त्याचा ऑक्टेन चांगला आहे आणि ऊस पिकवणाऱ्याला त्याचा पैसा मिळतो. तरी त्याचा स्वभाव ओळखायला हवा. त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. जुन्या टाकीतला चिकटलेला मळ ते सोडवतं आणि फिल्टरकडे ढकलतं. आणि ते पाणी ओढतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी बसतं, आणि गाडीचा पंप तळातूनच खेचतो.

एप्रिल २०२० मध्ये धुराचं बीएस-सहा मानक आलं तेव्हापासून दुचाक्यांतूनही कार्बोरेटर जवळपास गेला. पुण्याच्या नाना पेठेपासून तालुक्याच्या एसटी स्टँडमागच्या टपरीपर्यंत प्रत्येक फिटरला इंजेक्टर शिकावा लागला. परवडला त्याने स्कॅनर घेतला. तरी पावसाळ्यात, जून-जुलैच्या सुमारास, एखादी गाडी पेट्रोल भरून दोन किलोमीटर जाऊन बंद पडते आणि ढकलत गॅरेजात येते, तेव्हा स्कॅनर जोडण्याआधी टाकीतून अर्धा लिटर पेट्रोल पाण्याच्या पारदर्शक बाटलीत काढलं जातं. बाटली फळीवर ठेवायची, हलवायची नाही. चहा होईपर्यंत तळाशी एक रेघ दिसू लागते. वर केशरी, खाली गढूळ. फिटर त्या रेघेवर मार्करने खूण करतो, बाटलीवर तारीख आणि पंपाची पावती रबरबँडने बांधतो आणि गाडीवाल्याच्या हातात देतो.