नकुशा : नावाचा अर्थ आणि उगम

नकुशा हे सातारा जिल्ह्यात आणि आसपासच्या भागात आढळणारे मुलीचे नाव आहे. नकुशी, नकोशी, नकुसा ही त्याचीच रूपे. ‘नको’ला प्रत्यय लागून नकोसा, नकोशी ही विशेषणे होतात, जशी ‘हवी’पासून हवीशी. बोलताना ‘नकोशी’चे नकुशी, नकुशा झाले. अर्थ सरळ आहे : जी नको होती ती.

मुलीवर मुली झाल्या की धाकटीला हे नाव ठेवले जाई. त्यामुळे पुढचा मुलगा होतो, अशी समजूत होती.

धोंडू, दगडू, केरू ही नावेही हलकी वाटतात, पण त्यांचा हेतू उलटा होता. ज्या घरात मुले जगत नसत, तिथे बाळाला दृष्ट लागू नये म्हणून असे नाव देत. त्या नावाआड माया होती. ‘नकुशा’मध्ये शब्दाचा अर्थ हाच देणाऱ्याचा अर्थ.

२२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात झालेल्या कार्यक्रमात अशा २८५ मुलींना नवी नावे आणि तशी प्रमाणपत्रे देण्यात आली. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली, कुणी सावित्री.

नाव बदलले, तरी त्यामागची इच्छा मोजता येते. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी असूनही ही घट झाली. ज्यांना नकुशा म्हटले, त्या निदान जन्माला तरी आल्या होत्या.