उमरगा : पदवी गावात, विद्यापीठ दूर

धाराशिव जिल्ह्याच्या आग्नेयेस, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर उमरगा हे तालुक्याचे गाव आहे. निजामी राजवटीत या मुलखाचे विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. १९१८ मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. त्यामुळे मराठी घरातील मुलाला इतिहास वा रसायनशास्त्राआधी परकी भाषाच आत्मसात करावी लागे. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडण्यात आले. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ निघाले व शेजारचे लातूर तिकडे गेले. उमरगा मात्र ३०० किलोमीटरहून दूरच्या जुन्या विद्यापीठाशीच संलग्न राहिले. २००४ मध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी उपकेंद्र झाले, एवढाच काय तो दिलासा.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२४-२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत कला-विज्ञानाची भिंत सैल झाली. मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय व अन्य शाखेतील ऐच्छिक विषय घेता येतो. चौथे वर्ष केल्यास ऑनर्स पदवी मिळते. मात्र तालुक्याच्या महाविद्यालयात ही निवड अभ्यासक्रमापेक्षा उपलब्ध प्राध्यापकांवरच ठरते. भूगोलासोबत भौतिकशास्त्र घ्यायचे, तर दोन्ही तासिका एकाच वेळी नसाव्या लागतात.