नकाशावरची वाट आणि पायांखालची वाट : ॲपलेशियन ट्रेलचा इतिहास

१/ ५ ऑगस्ट १९४८ चा दिवस. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील मेन राज्यात कटाहडिन नावाचे शिखर आहे. उंची १,६०० मीटरहून किंचित अधिक. त्या दिवशी एकोणतीस वर्षांचा एक माजी सैनिक त्याच्या माथ्यावर पोहोचला. एप्रिलच्या आरंभी दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यातून तो पायी निघाला होता. वाटेत १२४ दिवस गेले होते आणि सुमारे ३,३०० किलोमीटर मागे पडले होते. त्या वाटेची आणि तिच्यावर चाललेल्या माणसांची ही कथा.

२/ या वाटेचे नाव ॲपलेशियन ट्रेल. अमेरिकेच्या पूर्व भागात उभ्या पसरलेल्या ॲपलेशियन पर्वतरांगेतून ती १४ राज्ये ओलांडते. आज तिची लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. वर्षभराच्या आत ही सारी वाट चालून पूर्ण करण्याला ‘थ्रू-हाइक’ म्हणतात. दरवर्षी हजारो लोक हा संकल्प सोडतात. साधारणपणे चौघांतील एकजण तो तडीस नेतो. गंमत अशी की, ही वाट ज्याने कल्पिली त्याच्या मूळ योजनेत असा चालणारा कुठेच नव्हता.

३/ त्या कल्पकाचे नाव बेंटन मकाय. वनशास्त्राचा अभ्यासक आणि प्रादेशिक नियोजनाचा पुरस्कर्ता. एप्रिल १९२१ मध्ये त्याच्या पत्नीने, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटलेल्या जेसीने, आपले जीवन संपवले. खचलेल्या मकायला मित्रांनी सावरले. त्याच उन्हाळ्यात तो न्यू जर्सीतील एका फार्मवर आपली योजना घेऊन मित्रांसमोर बसला आणि ऑक्टोबर १९२१ मध्ये ती वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

४/ योजना नुसत्या पायवाटेची नव्हती. कारखान्यांत आणि शहरांत पिचलेल्या माणसांना डोंगरात येऊन विसावा मिळावा, तब्येत सुधारावी, विचाराला उसंत मिळावी, हा तिचा हेतू होता. त्यासाठी निवारे, छोट्या वसाहती आणि सहकारी तत्त्वावरची शेती त्याने कल्पिली होती. पायवाट हा या सगळ्याचा कणा. पुढे वसाहती झाल्या नाहीत, शेतीही झाली नाही. निवारे आणि कणा तेवढे उरले.

५/ तो कणा प्रत्यक्षात उभा करण्याचे मोठे श्रेय मायरन एव्हरी या वकिलाचे. १९२५ मध्ये ॲपलेशियन ट्रेल कॉन्फरन्स ही संस्था स्थापन झाली होती, पण काम रेंगाळले होते. १९३१ मध्ये एव्हरी तिचा अध्यक्ष झाला. सायकलच्या चाकाला मोजणीचे यंत्र बसवून ते ढकलत तो मैलामागून मैल मोजत हिंडे. गावोगावच्या हौशी मंडळांना त्याने कामाला जुंपले. १९३६ पर्यंत त्याने स्वतः ही वाट तुकड्यातुकड्याने चालून पूर्ण केली.

६/ मकाय आणि एव्हरी यांचे मात्र पटले नाही. व्हर्जिनियातील शेनान्डोआच्या डोंगरमाथ्यावरून ‘स्कायलाइन ड्राइव्ह’ हा मोटारींचा रस्ता काढला गेला आणि पायवाटेची जागा त्याने गिळली. एव्हरीचे म्हणणे : रस्ता होणारच, आपण वाट बाजूला हलवू, पण अखंड ठेवू. मकायचे म्हणणे : जिथे मोटार पोहोचली तिथे अरण्य संपले, मग वाट कशासाठी? दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते. संबंध तुटले ते तुटलेच.

७/ १४ ऑगस्ट १९३७ रोजी मेन राज्यात शेवटचा दुवा जोडला गेला आणि नकाशावरची रेघ पूर्ण झाली. पुढच्याच वर्षी न्यू इंग्लंडवर प्रचंड चक्रीवादळ कोसळले. वाटेवर झाडे आडवी झाली. मग महायुद्ध आले. वाट साफ करणारे हात रणांगणावर गेले. झुडपे माजली, झाडांवरच्या खुणा पुसट झाल्या. पुरी होऊन दहा वर्षे उलटेपर्यंत अनेक ठिकाणी ही वाट केवळ कागदावर उरली होती.

८/ अशा वाटेवर ४ एप्रिल १९४८ रोजी अर्ल शेफर उतरला. पेनसिल्व्हेनियातील यॉर्क परगण्याचा हा तरुण युद्धात पॅसिफिक आघाडीवर होता. युद्धानंतर ही वाट बरोबर चालायची, असा बेत त्याने आणि त्याचा बालमित्र वॉल्टर वाइनमिलर याने केला होता. १९४५ मध्ये इवो जिमाच्या लढाईत वॉल्टर मारला गेला. शेफर एकटा निघाला. मनात साचलेले सैन्य आणि युद्ध चालून चालून बाहेर काढायचे, हे त्याने स्वतःच सांगितलेले कारण. जवळ मार्गदर्शिका नव्हती; रस्त्यांचे साधे नकाशे होते.

९/ तो पोहोचला, पण संस्थेला आधी विश्वासच बसेना. मग झाली ती उलटतपासणी इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. शेफरने रोज टिपणे लिहिली होती आणि वाटेत रंगीत छायाचित्रे काढली होती. ती पाहून, प्रश्न विचारून संस्थेने दावा मान्य केला. सलग चाललेला पहिला माणूस म्हणून त्याचे नाव नोंदले गेले. साधनांवाचून ही केवळ एक ऐकीव गोष्ट ठरली असती.

१०/ साधने दोन्ही बाजूंनी बोलतात, हेही खरे. अनेक दशकांनी एका अभ्यासकाने शेफरचीच टिपणे तपासून आक्षेप घेतला की, काही टप्पे त्याने गाळले आणि काही ठिकाणी वाहनातून प्रवास केला. वाद अजून मिटलेला नाही. पण जिथे वाटच सापडत नव्हती, तिथे ती तंतोतंत पाळली का, हा प्रश्न आजच्या चोख वाटेवर उभे राहून विचारणे कितपत न्याय्य? वाचकांनी ठरवावे. शेफर मात्र १९९८ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, ही वाट पुन्हा पूर्ण चालला.

११/ आता एमा गेटवुड. ओहायोतील शेतकरी कुटुंबातील स्त्री, ११ मुलांची आई. नवऱ्याच्या अमानुष मारहाणीत संसाराची तीसहून अधिक वर्षे गेली. अखेर घटस्फोट मिळाला. एका मासिकातील लेखातून तिला या वाटेची माहिती झाली. १९५४ मध्ये ती मेनमध्ये निघाली आणि काही दिवसांतच चुकली. चष्मा फुटला. शोधून काढणाऱ्या वनरक्षकांनी तिला घरी जाण्याचा सल्ला दिला.

१२/ ती घरी गेली आणि पुढच्या वर्षी परत आली. ३ मे १९५५ रोजी जॉर्जियातून निघताना तिचे वय ६७ होते. पायांत कॅनव्हासचे साधे बूट, खांद्यावर हाताने शिवलेली झोळी, पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. १४६ दिवसांनी, २५ सप्टेंबरला, ती कटाहडिनवर होती. एकटीने, एका दमात ही वाट पूर्ण करणारी ती पहिली स्त्री. पुढे तिने ही वाट आणखी दोनदा पूर्ण केली.

१३/ वृत्तपत्रांनी तिचे कौतुक केले, पण आजीबाई नुसत्या गोड बोलणाऱ्या नव्हत्या. वाटेवर खुणा नाहीत, झाडे पडलेली आहेत, निवारे मोडलेले आहेत, हे तिने चारचौघांत सुनावले. एका वृद्धेला चालताना जे सोसावे लागले, ते देशाने वाचले. विस्मृतीत चाललेल्या वाटेकडे लोकांचे लक्ष पुन्हा वळले, त्यात तिचा वाटा मोठा.

१४/ लक्ष वळणे गरजेचेच होते, कारण वाटेचा पुष्कळसा भाग खासगी जमिनीवर होता. माउंट ओग्लथॉर्पच्या परिसरात कोंबडीपालन वाढले, तेव्हा १९५८ मध्ये वाटेचे दक्षिण टोकच तिथून उचलून स्प्रिंगर माउंटनवर न्यावे लागले. १९६८ च्या कायद्याने ॲपलेशियन ट्रेलला राष्ट्रीय दर्जा दिला आणि १९७८ च्या दुरुस्तीने जमीन खरेदीला बळ मिळाले. मकाय तोवर गेला होता. १९७५ मध्ये, ९६ व्या वर्षी.

१५/ आजही झाडांवर दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरे पट्टे रंगवलेले दिसतात. ते रंगवणारे, पडलेली झाडे बाजूला करणारे बहुतेकजण स्वयंसेवक आहेत. वाट ही किल्ल्यासारखी नसते. किल्ला ओसाड पडला तरी तट उभा राहतो, वाट मात्र कुणी चालले नाही तर काही वर्षांत नाहीशी होते. मकायला शोकाकुल, थकल्या माणसांसाठी जागा हवी होती. त्याच्या वसाहती कधी झाल्याच नाहीत. पण मित्र गमावलेला एक सैनिक आणि मार खाऊन जगलेली एक आजी त्या वाटेवर आली, तेव्हा त्याची योजना बांधकामावाचूनच खरी ठरली.

लेखनसीमा.