दोघांनी घरी बघायचा रोमँटिक सिनेमा कसा निवडायचा? प्रेमात पडण्याच्या गोष्टी जरा बाजूला ठेवून बघा!

शनिवारची रात्र. जेवणं आटोपलीत आणि रिमोट फिरतोय.

"हा बघूया?" "नको, फार रडका आहे." "मग हा?" "बघितलाय की आपण." "तू बघितलायस, मी नाही!"

पाऊण तास नुसत्या ट्रेलरमध्ये जातो. शेवटी एकजण मोबाइल काढून रील्स बघायला लागतो आणि दुसऱ्याला झोप येते. थोड्याफार फरकाने हे घरोघरी चालतं.

अशा वेळी आपण 'टॉप १० रोमँटिक मूव्हीज' शोधतो. पण त्या बहुतेक याद्यांमध्ये एकाच साच्यातले सिनेमे असतात. दोघं भेटतात, भांडतात, प्रेमात पडतात, घरचे आडवे येतात आणि शेवटी लग्न. लग्न झालं की सिनेमा संपला. गंमत अशी की सोफ्यावर बसलेलं जोडपं त्याच्या पुढचा भाग जगत असतं. गॅस सिलिंडर कोणी बुक करायचा, सुट्टीत कोणाच्या माहेरी जायचं, घराचा हप्ता कसा भरायचा, हे सगळं त्या याद्यांत येतच नाही.

म्हणून आधी एका अभ्यासाबद्दल सांगतो.

सिनेमा बघून संसार टिकतो का?

अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड रॉग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लग्न ठरलेली किंवा नुकतीच लग्न झालेली १७४ जोडपी होती. काही जोडप्यांना भांडण कसं हाताळावं याचं प्रशिक्षण दिलं. काहींना एकमेकांना समजून घेण्याचं आणि आधार देण्याचं प्रशिक्षण दिलं. तिसऱ्या गटाला मात्र जवळजवळ काहीच शिकवलं नाही. त्यांना एवढंच सांगितलं की महिनाभरात नवरा-बायकोच्या नात्यावरचे पाच सिनेमे एकत्र बघा आणि प्रत्येक सिनेमानंतर दिलेल्या प्रश्नांवर बोला.

तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा, ज्यांनी यातलं काहीच केलं नव्हतं त्या जोडप्यांपैकी २४ टक्के वेगळी झाली होती. सिनेमावाल्या गटात हे प्रमाण ११ टक्के होतं. प्रशिक्षण घेतलेल्या दोन्ही गटांतही साधारण तेवढंच. म्हणजे प्रशिक्षणाच्या वर्गांनी जे साधलं, ते घरच्या सोफ्यावर बसूनही साधलं.

अर्थात जोडपी थोडी होती, सगळी अमेरिकेतली होती, आणि महिनाभर नेमाने सिनेमा बघून बोलायला तयार असलेली माणसं मुळातच नात्याची काळजी घेणारी असू शकतात. तेव्हा 'पाच सिनेमे बघा, घटस्फोट टाळा' असा फॉरवर्ड कृपया कोणी बनवू नका.

आपल्या कामाची गोष्ट त्या सिनेमांच्या निवडीत आहे. त्या यादीत भर होता तो आधीपासून एकत्र असलेल्या जोडप्यांच्या सिनेमांवर. पहिला दाखवला तो 'टू फॉर द रोड' (१९६७). ऑड्री हेपबर्न आणि अल्बर्ट फिनी यांचं जोडपं वेगवेगळ्या वर्षी फ्रान्समधून प्रवास करतं आणि त्या प्रवासांतून त्यांचं लग्न कसं बदलत गेलं ते दिसतं. नंतरचे प्रश्नही साधे होते. या दोघांचं भांडण कुठून सुरू झालं? कोणी माफी मागितली का? अडचणीत एकमेकांना साथ दिली का? आणि यातलं आपल्यासारखं काय, वेगळं काय?

शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. "तू माझं ऐकतच नाहीस" हे तोंडावर म्हटलं की भांडण पेटतं. "तो तिचं ऐकत नव्हता ना?" असं पडद्यावरच्या माणसाबद्दल म्हटलं की समोरचाही विचार करतो. राग काढायला तिसरं माणूस मिळतं, आणि तेही खोटं!

मग आपल्याकडचे कोणते सिनेमे?

जागेची, पैशाची ओढाताण असेल तर 'डबल सीट' (२०१५) बघा. समीर विद्वांस यांचा सिनेमा, अंकुश चौधरी आणि मुक्ता बर्वे मुख्य भूमिकांत. मुंबईच्या चाळीतलं छोटं घर, त्यात सासू-सासरे, आणि नव्या जोडप्याला स्वतःचं घर हवंय. यात खलनायक कोणीच नाही. सगळेच आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि संसारात अडचण बहुतेक वेळा अशीच येते. याचा जुना आणि जास्त कडू भाऊ म्हणजे 'घरौंदा' (१९७७). अमोल पालेकर, झरीना वहाब, डॉ. श्रीराम लागू. फ्लॅटच्या स्वप्नापायी माणूस काय काय करायला तयार होतो ते बघताना आजही पोटात कालवतं. नुकताच होम लोनचा अर्ज केला असेल, तर तो त्या आठवड्यात नको.

दोघंही नोकरी करत असाल आणि एकाची गाडी पुढे धावत असेल, तर हृषीकेश मुखर्जींचा 'अभिमान' (१९७३) आहेच. गायक नवरा, गाणारी बायको, आणि तिचं नाव मोठं होत गेल्यावर त्याच्या आत जे सुरू होतं ते. पन्नास वर्षं होऊन गेली तरी विषय शिळा झालेला नाही. पगाराच्या स्लिपा शेजारी ठेवल्या की कळतं.

लग्न ठरलंय पण अजून झालेलं नाही? मग सतीश राजवाडे यांची 'मुंबई-पुणे-मुंबई' मालिका क्रमाने बघा. पहिला भाग (२०१०) म्हणजे स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे दिवसभर पुण्यात फिरत बोलतात. गोड आहे, सगळ्यांनी बघितलेला आहे. पण जोडप्यांनी बोलावं असा भाग दुसरा आहे (२०१५). त्यात होकार दिल्यानंतरची धाकधूक आहे. लग्नाची खरेदी सुरू झालीये आणि आता शंका कोणाला सांगायची, हा पेच अनेकांचा असतो. तिसरा भाग (२०१८) बाळाची चाहूल लागल्यावरचा. मूल कधी, हा प्रश्न घरचे विचारतात आणि दोघं आपसात टाळतात, अशांना तो उपयोगी पडेल. जगभरात हेच काम रिचर्ड लिंकलेटर यांच्या 'बिफोर' मालिकेने केलंय. १९९५, २००४ आणि २०१३ असे तीन सिनेमे, तेच दोन कलाकार, वयही खरोखर वाढलेलं. तिसऱ्या 'बिफोर मिडनाइट'मधलं हॉटेलच्या खोलीतलं लांबलचक भांडण बघताना दोघंही गप्प होतील, कारण त्यातली वाक्यं आपल्याकडेही बोलली जातात.

आणि लग्नाला बरीच वर्षं झाली असतील तर माझी पहिली पसंती 'थ्री ऑफ अस'ला (२०२३). 'किल्ला'वाले अविनाश अरुण यांचा हा हिंदी सिनेमा. स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेली शैलजा (शेफाली शहा) नवऱ्याला घेऊन कोकणात, आपल्या लहानपणीच्या गावी जाते आणि तिथे तिला शाळेतला मित्र भेटतो. नवऱ्याच्या भूमिकेत स्वानंद किरकिरे आहेत. आपल्या बायकोचं आपल्याला माहीत नसलेलं एक आख्खं आयुष्य होतं, हे त्याला हळूहळू कळतं. तो आरडाओरडा करत नाही, पण त्याला काहीच वाटत नाही असंही नाही. सिनेमा संथ आहे, म्हणून फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. संपल्यावर एकमेकांना लहानपणीच्या घराबद्दल विचारा. बारा-पंधरा वर्षं एकत्र राहूनही न ऐकलेलं काहीतरी निघतंच.

काय टाळावं?

'सैराट' (२०१६) उत्तम सिनेमा आहे, पण फक्त गाणी आठवून वाढदिवसाच्या रात्री लावू नका. शेवटानंतर केक कापवत नाही. तसंच जुन्या प्रेमावरचे सिनेमे, उदाहरणार्थ गुलजार यांचा 'इजाजत' (१९८७), सुंदर असले तरी घरात आधीच कोणाच्या 'एक्स'वरून वाद चालू असताना नकोत. आणि पडद्यावरच्या कोणावरून जोडीदाराला टोमणा मारायचाच असा बेत असेल, तर क्रिकेट बघितलेलं बरं.

वेळेचंही गणित बघा. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' तीन तासांहून मोठा आहे, 'सैराट' जवळपास तीन तास. रात्री साडेदहाला लावलात तर बोलणं राहू द्या, शेवटही एकटाच बघेल. 'द लंचबॉक्स' (२०१३) पावणेदोन तासांत संपतो, 'बिफोर सनसेट' तर ८० मिनिटांत. बोलायला अर्धा तास हवा, तो यातूनच काढायचा. निवडीचं भांडण मिटवायला एक सोपी पद्धत आहे. एकाने दिवसाच तीन नावं सुचवायची, दुसऱ्याने त्यातलं एक निवडायचं, पुढच्या वेळी उलट. रात्री ॲप उघडायचं ते थेट नाव टाकायलाच. सिनेमे एका ॲपवरून दुसऱ्यावर जात असतात, त्यामुळे तो कुठे आहे तेही आधीच बघून ठेवा.

टीव्ही हॉलमध्ये असेल आणि हॉलमध्ये आई-बाबाही असतील, तर? २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवर सिनेमाच्या सुरुवातीला वयोगट दाखवावा लागतो: यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए. सोबत हिंसा, भाषा, प्रणयदृश्यं असं कारणही लिहिलेलं असतं. ते वाचलं की 'अरे, पुढे ढकल, पुढे ढकल'ची धावपळ वाचते.

किंवा सरळ सगळ्यांसोबतच 'मुंबईचा जावई' (१९७०) लावा. राजा ठाकूर यांचा सिनेमा, सुधीर फडके यांचं संगीत. चाळीतल्या भरल्या घरात नव्या जोडप्याला दोन शब्द बोलायलाही एकांत मिळत नाही, एवढीच गोष्ट. बासू चटर्जींनी त्यावरूनच 'पिया का घर' (१९७२) केला. घरात कोणी चाळीत राहिलेलं असेल, तर सिनेमा मध्येच थांबवून त्यांच्या खोलीत किती माणसं झोपायची ते विचारा.